ग्रामसभेचं मत मोबाईलवर का नाही?

ग्रामपंचायतीचा जमाखर्च साध्या मराठीत मांडणारं आमचं सॉफ्टवेअर दाखवलं की प्रश्न ठरलेला असतो: "एवढं करताच आहात, तर त्यातच मत नोंदवायचं बटण द्या ना. ग्रामसभेला यायला वेळ कोणाला आहे?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर २०२० पासून ग्रामपंचायतींचे आराखडे आणि जमाखर्च कोणालाही पाहता येतात. ही फार मोलाची गोष्ट आहे. आम्ही ते आकडे घेतो, वस्तीप्रमाणे लावतो आणि सभेआधी साध्या मराठीत एका पानावर देतो: काम कोणतं, मंजूर किती, खर्च किती. बंधित (ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचा) आणि अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा) निधी वेगळा दाखवतो, कारण गावातले बरेच वाद तिथूनच सुरू होतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. हे ठाऊक नसलं की "पैसे आलेत, मग रस्ता का नाही?" म्हणून सरपंचांना धारेवर धरलं जातं. ठाऊक असलं की नळयोजनेचं काय झालं, हा नेमका प्रश्न येतो.

आता बटणाचं. अधिकार सभेचा आहे. तिथला ठराव इतिवृत्तात चढतो, त्याची नक्कल मागता येते, काम का झालं नाही म्हणून पाठपुरावा करता येतो. आमच्या बटणावर पडलेल्या हजार मतांना यातलं काहीच नाही. उलट मत दिल्याच्या समाधानात लोक घरी राहतील. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते, लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग मूठभर माणसं अख्ख्या गावाचं ठरवतात. मला हेच सगळ्यात जास्त टोचतं.

शिवाय घरात एकच स्मार्टफोन असला तर तो कोणाच्या हातात असतो? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. तिथे बाई स्वतः बोलते. मोबाईलवर तिचं मत दुसराच कोणी दाबून मोकळा होईल. म्हणून आमचं पान छापून अंगणवाडीच्या भिंतीवर लावता येईल असंच ठेवलंय.

ऑनलाइन मतांसाठी तैवानचा दाखला हमखास दिला जातो, आणि मलाही तो आवडतो. २०१५ मध्ये उबरच्या प्रश्नावर व्हीतैवान या तिथल्या लोकसल्लामसलतीच्या उपक्रमाने पोल.इस या साधनावर लोकांची मतं घेतली. त्यात एकमेकांना उत्तर द्यायची सोय मुद्दामच नाही. त्यामुळे भांडण पेटत नाही आणि सहमती कुठे आहे ते दिसतं. पण त्यानंतर कंपनी, टॅक्सीवाले आणि अधिकारी समोरासमोर बसले, एवढं सांगायचं राहून जातं.

सध्या त्याच पानाच्या मागे जुने ठराव छापायची खटपट चालू आहे: ठराव कधीचा, काम सुरू झालं का. त्यासाठी इतिवृत्तांच्या हस्तलिखित नकला वाचून टाईप कराव्या लागतात. मराठी टायपिंग येणारी माणसं हवी आहेत. तुम्हाला जमणार असेल तर जरूर सांगा.