समुद्राला राखेचा डोस

2025 च्या नोव्हेंबरात इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, त्याची राख अरबी समुद्र ओलांडून थेट भारतावर आली, विमानं बिमानं रद्द झाली, आणि आमच्या यावलकडच्या फॅमिली ग्रुपवर काळजी एकच, वेचणीला आलेल्या कापसावर पडली तर? ती आभाळात कितीतरी किलोमीटर उंच होती, कापसाला काही झालं नाही. पण मामांनी विचारलंच, "अन् मधात एवढा समुद्र लागला, त्यात पडत नसन का थोडीफार?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. आपल्याला राख माहीत ती भरताची. कापसाच्या काड्या पेटवून वांगी भाजली की मागे उरते ती, मऊसूत, दुसऱ्या दिवशी मेथीच्या वाफ्यात टाकायची. ज्वालामुखीची राख तशी नसते, ती जळून उरलेली नाहीच, दगडाचा आणि काचेचा चुरा असतो, 2 मिलिमीटरपेक्षा बारीक, बोटांत चोळली तर ओरखडे उठतील. आणि प्रत्येक कणावर ज्वालामुखीच्या वायूंमुळे क्षारांचा पातळ थर बसलेला असतो. पाण्यात पडली की पहिल्या काही मिनिटांत, तासांत हा थर विरघळतो आणि त्यातून इतर गोष्टींबरोबर लोह सुटतं.

आता लोहाचं एवढं काय, तर आपल्या काळ्या जमिनीत लोह रग्गड आहे, अख्खं खान्देश बसाल्ट नावाच्या काळ्या खडकावर बसलंय, तरी चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण जमीन अल्कधर्मी, लोह असून पिकाला मिळत नाही, मग हिराकस, म्हणजे लोहाचं खत, द्या. समुद्राचं पाणीही अल्कधर्मीच, त्यात लोह विरघळून राहत नाही, खाली बसतं. उत्तर पॅसिफिकमध्ये, अंटार्क्टिकाभोवती नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, पण लोह फारच कमी म्हणून माशांच्या अन्नसाखळीची सुरुवात असलेल्या सूक्ष्म वनस्पती फारशा वाढत नाहीत. जॉन मार्टिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात हे लावून धरलं होतं.

ऑगस्ट 2008 मध्ये अलास्काच्या अल्यूशियन बेटांतला कासाटोची फुटला, वाऱ्याने राख लांबवर पसरली आणि काही दिवसांत ईशान्य पॅसिफिकचा प्रचंड पट्टा हिरवा झाला, उपग्रहातून दिसेल इतका. पुढची गोष्ट मला जास्त आवडते. कॅनडाच्या फ्रेझर नदीत 2009 साली सॉकाय सॅल्मन मासे समुद्रातून इतके कमी परतले की सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि 2010 ला आले जवळपास 3 कोटी! आयोगवाले बघतच राहिले असतील. काही शास्त्रज्ञ म्हणाले, ही कासाटोचीची कृपा, त्या हिरवळीमुळे समुद्रातल्या सॅल्मनच्या पिल्लांना खायला भरपूर मिळालं. बाकीच्यांना ते पटलेलं नाही, आणि मलाही एका राखेला एवढं श्रेय देणं जरा जास्तच वाटतं.

कारण त्याच 2010 ला आइसलँडचा तो उच्चारता न येणारा एयाफ्यात्लायोकुत्ल फुटला, युरोपची विमानं ठप्प झाली, राख समुद्रात पडली, लोहही मिळालं, पण तिथे नायट्रेटच लवकर संपलं आणि फार काही उगवलं नाही. म्हणजे जे कमी आहे तेच दिलं तर उपयोग.

आणि जास्त झाली की राख गाडूनच टाकते. जानेवारी 2022 मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा देशाजवळचा हुंगा ज्वालामुखी फुटला तेव्हा जवळच्या बेटाभोवती दोन दिवसांत हिरवळ दिसली, पण ज्वालामुखीभोवतीचा समुद्रतळ राखेच्या थराखाली गेला. गोगलगायी, शिंपले, ज्यांना पटकन हलता येत नाही ते तिथेच गुदमरले. मासे पळतात तरी. प्रवाळांना कुठे पळता येतं?

हे कळल्यावर माणूस गप्प बसेल होय! 2012 ला कॅनडाच्या पश्चिमेला एका कंपनीने सॅल्मन वाढावेत म्हणून सुमारे 100 टन लोहसल्फेट, म्हणजे आपलं हिराकसच, बोटीतून समुद्रात सोडलं. जगभर ओरड झाली, आणि मासे त्याने वाढले का, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे कृषी सहायक हिराकस सांगायच्या आधी मातीचा रिपोर्ट मागतो."