आईचे वय भागिले माझे वय

तिसरीच्या पुस्तकात ‘आपले कुटुंब’ हा पाठ जेमतेम तीन पानांचा होता. आमच्या वर्गाच्या बाईंनी मात्र तो वर्षभर पुरवला. कधी भाषेच्या तासाला, कधी विज्ञानाच्या, तर कधी गणिताच्या. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा सर्वांत आधी तेच वर्ष डोळ्यांसमोर आले.

पहिल्या दिवशी बाईंनी वंशवृक्षाचे छापील कागद वाटले. वर दोन चौकटी होत्या, आई आणि वडील. मी शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच माझे वडील वारले होते; घरी आई, आजी आणि मी एवढेच होतो. मी एक चौकट कोरी ठेवून कागद दिला. बाई काही बोलल्या नाहीत, परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वांचेच कागद परत घेतले, कोरे कागद दिले आणि ‘तुमच्या घरी कोण कोण आहे आणि कोण काय करते’ एवढेच विचारले. त्या बदलाचे कारण मी होतो, हे वर्गात कोणालाही कळले नाही. मलाही ते फार उशिरा उमगले.

भाषेच्या तासाला नाती उलगडून सांगायची असत : आत्या म्हणजे वडिलांची बहीण, मामी म्हणजे आईच्या भावाची बायको. पुढे पाचवीत इंग्रजी सुरू झाल्यावर मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींना मिळून ‘आंट’ हा एकच शब्द पाहून आम्ही हसलो, ते या सरावामुळेच.

विज्ञानाच्या तासाची आठवण मात्र गुंतागुंतीची आहे. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून नळी करता येते का, हे घरी प्रत्येकाला करायला लावून वहीत लिहायचे होते. मला नळी करता येत होती. आईला येत नव्हती, आजीलाही नाही. ‘मग ती तुझ्या वडिलांकडून आली,’ असे बाई सहज म्हणाल्या. ज्यांचा चेहरा मला केवळ छायाचित्रातून ठाऊक होता, त्यांची एक वस्तू आपल्या तोंडात आहे, या कल्पनेने मी कित्येक दिवस आरशापुढे उभा राहत असे. पुढे महाविद्यालयात समजले, की ही गोष्ट इतकी सरळ नाही : १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्यांपैकी ७ जोड्यांत एकाला नळी करता येत होती आणि दुसऱ्याला नाही. म्हणजे ती वडिलांकडूनच आली, असे कोणालाच ठामपणे म्हणता येणार नाही. बाईंना दोष देण्याचे कारण नाही, कारण तो समज पुष्कळ पुस्तकांतही होता. आणि खरे सांगायचे तर, त्या वयात ती चूक मला हवीच होती.

गणितात बाईंनी घरातल्या माणसांची वये मांडायला सांगितली. मी ८ वर्षांचा होतो आणि आई ३२ वर्षांची, म्हणजे माझ्या चौपट. मी १२ वर्षांचा होईन तेव्हा ती तिप्पट आणि २४ वर्षांचा होईन तेव्हा दुप्पट असेल, असे गणित निघाले. पट कमी होत चालली आहे, तर मी तिला कधी ना कधी गाठणारच, असे मला वाटले आणि मी तसे विचारले. बाईंनी उत्तर न देता तक्ता पुढे वाढवायला सांगितले. तो वाढवताना पट घटत राहिली, पण वजाबाकी प्रत्येक ओळीत २४ च येत राहिली. शेवटच्या ओळीत मी ४८ आणि ७२ लिहून पुढे ‘दीडपट’ असे लिहिले, आणि तिथे पान संपले.

ती वही आईने जपून ठेवली आहे. यंदा आम्ही दोघे त्या शेवटच्या ओळीवर आलो आहोत.