‘बॅटरी ठीक’ म्हणजे नेमकी कुठली बॅटरी?

वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या तपासणीचा कागद चार पानी होता. खाली शिक्का, मध्ये दोनशे मुद्दे आणि जवळजवळ प्रत्येकापुढे हिरवी खूण. दारांच्या रबरापासून वायपरच्या पाण्यापर्यंत सगळं बघितलेलं. तिसऱ्या पानावर एक ओळ होती, ‘बॅटरी : ठीक’. बंगळुरूत धाकट्या भावाच्या घरी चहा पीत मी तो कागद वाचत होते, तिथंच अडले. गाडी विकणाऱ्या कंपनीला फोन लावून विचारलं, ‘ठीक म्हणजे किती टक्के?’ पलीकडचा मुलगा गडबडला, कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, ‘मॅडम, बारा व्होल्टवाली. ती नवीनच बसवलीय.’

म्हणजे दिवे, हॉर्न, दारांची कुलपं चालवते ती छोटी बॅटरी. प्रत्येक पेट्रोल गाडीत असते तशीच. ज्या बॅटरीवर गाडी पळते, जी सीटखाली पूर्ण तळभर पसरलेली असते आणि जिच्यासाठी मी दहा लाख चाळीस हजार मोजायला निघाले होते, तिच्याबद्दल त्या चार पानांत एक अक्षर नव्हतं. यादी पेट्रोल गाड्यांसाठी केलेली होती आणि तीच इलेक्ट्रिक गाडीला लावली होती. ‘प्रमाणित’ या शब्दावर विसंबून वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेणारे आता बरेच दिसतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझी गडहिंग्लजला पॅथॉलॉजी लॅब आहे. साध्या तपासण्या इथं होतात, बाकीचे नमुने थंड डब्यात घालून कोल्हापूरला पोचवावे लागतात. आठवड्यातले सहा दिवस. आमचा रस्ता संकेश्वर, निपाणी, कागल असा. नकाशात बघा, गडहिंग्लज महाराष्ट्रात, संकेश्वर आणि निपाणी कर्नाटकात, कागल पुन्हा महाराष्ट्रात. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर आणि दिवसातून चार वेळा राज्याची हद्द. जुन्या गाडीला रोज नऊ लिटर पेट्रोल लागायचं. नमुने पोचवण्याचे पैसे मी पेशंटकडून वेगळे घेत नाही, घ्यायचेही नाहीत. त्यामुळे पेट्रोलचा प्रत्येक रुपया लॅबच्या अंगावर यायचा.

नवी गाडी आवाक्यात नव्हती. मला हवी होती नेक्सॉन ईव्ही मॅक्स, ४०.५ किलोवॅट तासाची बॅटरी असलेली. ही मे २०२२ मध्ये बाजारात आली. कागदोपत्री पल्ला ४३७ किलोमीटर, पण तो चाचणीतला. हायवेला ऐंशी-पंच्याऐंशीच्या वेगानं, एसी लावून अडीचशेच्या आसपास धरायचा. मला तेवढा पुरे. कोल्हापूर-सांगलीत त्या महिन्यात अशी एकच गाडी दिसली आणि तिचा मालक वीस वेळा फास्ट चार्जिंगचं कौतुक सांगत होता. वरचेवर तसं केलं की बॅटरीवर ताण येतो, म्हणून ती सोडली. बंगळुरूत मात्र एका वेळी पंधरा-वीस गाड्या विकायला होत्या. भावानं तिघी बघितल्या आणि एकीबद्दल फोन केला. ‘ताई, डिसेंबर २०२२ ची आहे, एकच मालक, अडतीस हजार किलोमीटर. तू येऊन बघच.’

तर, बॅटरी. मी लॅबवाली आहे. मोजल्याशिवाय ‘ठीक’ लिहायचं नाही, हे आमच्याकडे कामाला लागलेल्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवतात. परत मिळणारी अनामत भरून एका रात्रीसाठी गाडी मागून घेतली. चार्ज ६२ टक्के होता. भाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा आणि मी असे चौघं बसून नंदी हिल्सला जाऊन आलो. घाट, चार माणसं, एसी. परत आलो तेव्हा १५ टक्के उरले. भावाच्या पार्किंगमधल्या सॉकेटला स्वतंत्र मीटर आहे. रात्री पावणेनऊला आकडा लिहून घेतला, ४१८२.६. गाडीसोबत आलेली पंधरा अँपिअरची केबल लावली आणि झोपलो. सकाळी आठला शंभर टक्के झालेले होते आणि मीटरवर ४२१८.५.

आता गणित. मीटरमधून ३५.९ युनिट, म्हणजेच किलोवॅट तास, गेले. त्यातले दहाएक टक्के चार्जर आणि केबल गरम होण्यात जातात, म्हणजे बॅटरीत साधारण ३२.३ पोचले. हे ८५ टक्क्यांसाठी. मग शंभर टक्क्यांना ३८. नवी असताना ४०.५ होती, म्हणजे ९४ टक्के शिल्लक. पद्धत ढोबळ आहे, दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणारच, पण ९४ आणि ८० यांतला फरक ती नक्की दाखवते. एवढंच करायला एक रात्र आणि एक मीटर लागतो. कोणाची परवानगी लागत नाही, लॅपटॉप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पैसे भरून बॅटरीचा अहवाल काढून घेतला. त्यात ९३ आला. शिवाय ज्या छोट्या सेलची मिळून बॅटरी बनते, त्यांच्या व्होल्टेजमधला फरक दाखवला होता, सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये १२ मिलिव्होल्ट. तिथल्या तंत्रज्ञानं सांगितलं की टक्क्यांपेक्षा हा आकडा आधी बघायचा. एखादा सेल बाकीच्यांच्या मागं पडला की पूर्ण बॅटरी त्याच्यापाशी येऊन थांबते. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण आमच्यातही सरासरीपेक्षा एकटा भरकटलेला आकडाच आधी बघतात.

गाडी मनात बसली. खरा ताप पुढे होता.

रस्त्यावरची हद्द आम्ही रोज ओलांडतो, कोणी विचारत नाही. कागदावरची हद्द ओलांडायला मला ७१ दिवस लागले. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या नावावर करायची तर मूळ आरटीओचा ना हरकत दाखला लागतो, त्यासाठी फॉर्म २८. मालकी बदलायला २९ आणि ३०. नवा नंबर घ्यायला २७. दाखला देण्याआधी गाडी चोरीची नाही ना आणि ई-चलन थकलेलं नाही ना, हे बघितलं जातं. विकणाऱ्या कंपनीनं तीन आठवडे सांगितले होते. पाच आठवडे झाले तरी ‘प्रोसेसमध्ये आहे’. शेवटी मी स्वतः वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला. आरसीवर अजून बँकेचं नाव! पहिल्या मालकानं कर्ज कधीच फेडलं होतं, पण एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जतारणाची नोंद, उतरवलीच नव्हती. फॉर्म ३५ वर बँकेची सही होऊन तो आरटीओत गेल्याशिवाय दाखला निघणार नव्हता आणि हे दोनशे मुद्द्यांत कोणीच बघितलेलं नव्हतं. नंबर टाकायला दोन मिनिटं लागतात. ते मी टोकन द्यायच्या आधी करायला हवं होतं, तुम्ही करा.

एक गोष्ट मात्र मी आधीच केली होती आणि तिनंच मला तारलं. कोल्हापूरला आरटीओची कामं करणारे एक काका आहेत, तीस वर्षं त्याच कामात. त्यांनी निक्षून सांगितलं होतं, ‘ताई, एनओसी हातात येईस्तोवर पूर्ण पैसे सोडायचे न्हाईत.’ मी करारात लिहून घेतलं की एक लाख रुपये दाखला मिळाल्यावर. तो लाख अडकला होता म्हणून तर कंपनीचा माणूस बँकेत दोनदा गेला. १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ताब्यातल्या गाडीच्या दाखल्यासाठी तो स्वतः अर्ज करू शकतो. ते प्रमाणपत्र आहे का, हे आधी विचारा. माझ्या कंपनीकडे होतं. काम करवून घ्यावं लागलं तो भाग वेगळा.

जीएसटीबद्दलही बरेच जण विचारतात. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५वी बैठक झाली, तिथं डीलरनं विकलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर १८ टक्के ठरले. नव्या गाडीवर ५ आणि जुनीवर १८, हे ऐकून माझे यजमान हादरलेच होते. पण तो कर पूर्ण किमतीवर नसतो, डीलरच्या नफ्यावर असतो, आणि थेट मालकाकडून घेतलीत तर लागत नाही.

रोड टॅक्सचं आमच्या पथ्यावर पडलं. पेट्रोल गाडी असती तर महाराष्ट्रात कर भरा आणि कर्नाटकाकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागत बसा, असं दुहेरी काम. कर्नाटकात या किमतीच्या इलेक्ट्रिक गाडीला कर माफ होता, त्यामुळे परत मागायचं काही नव्हतं. मे २०२५ च्या महाराष्ट्राच्या ईव्ही धोरणातही करमाफी आहे. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला ती कशी लावतात, हे मी पैसे द्यायच्या आधी कोल्हापूरच्या खिडकीवर विचारून घेतलं. मला कर पडला नाही. तुमचं तुम्ही तुमच्या आरटीओत विचारा, दुसऱ्याच्या पावतीवर जाऊ नका.

दाखला आला आणि भाऊ आणि मी पहाटे पाचला निघालो. चित्रदुर्गला चार्जिंगची एक बंदूक बंद होती, चाळीस मिनिटं नंबर लावला. हुबळीला जेवलो तोवर गाडीचंही भागलं. बेळगाव सोडल्यावर पाऊस लागला. संकेश्वरला डावीकडे वळून हिरण्यकेशीच्या कडेकडेनं घरी. सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभ्या होत्या आणि गाडी अंगणात कधी आली ते त्यांना कळलंच नाही, इतकी ती बिनआवाजी.

त्या रात्री केबल लावली तर चार्जरवर लाल दिवा. पोटात धस्स झालं. भावाकडे दोनदा चार्ज केलेली गाडी इथं एक युनिट घेईना. सकाळी वायरमन आला, त्यानं न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला, अकरा व्होल्ट. ते दोनच्या आत हवेत. आमचं अर्थिंग घर बांधलं तेव्हाचं, माती कोरडी पडून तांब्याची तार हिरवी झालेली. परसात नारळाजवळ नवा खड्डा घेतला, कोळसा, मीठ, पाणी, नवी पट्टी. व्होल्ट १.४ वर आले आणि दिवा हिरवा झाला. हेच जुनं अर्थिंग आमच्या फ्रिजला आणि बोअरच्या मोटरलाही होतं, हे लक्षात आल्यावर मी त्या चार्जरचे आभारच मानले. महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घेतला.

आणखी एक. गाडी मोबाइल अ‍ॅपशी जोडलेली असते आणि ते खातं पहिल्या मालकाच्या नावावर असतं. गाडी कुठे उभी आहे ते त्यांना घरबसल्या दिसतं, दारंही उघडता येतात. मी त्यांना फोन केला. सज्जन माणूस. हिंदीत म्हणाले, ‘हो, कालच बघितलं, गाडी एका नदीकाठच्या गावात उभी आहे. तिथं पाऊस आहे का?’ लगेच खातं काढून टाकलं आणि तीन वर्षांत कधी किती चार्ज केलं त्याची वहीच फोटो काढून पाठवली. फास्ट चार्जिंग महिन्यातून एखाद्या वेळीच, बाकी सगळं घरी, रात्री. ही वही मला गाडी घेताना कोणी दाखवली असती तर मी त्या हिरव्या खुणांकडे बघितलंही नसतं. पहिल्या मालकाशी बोलायला मिळेल का, हे जरूर विचारा. घरी बसवलेला मोठा चार्जर मात्र त्यांच्या भिंतीवरच राहिला. तो गाडीसोबत येतो असं धरून चालू नका.

कोल्हापूरच्या आरटीओत गाडी दाखवायला नेली तेव्हा साहेबांनी पेन्सिलीनं चेसिस नंबरची छाप घेतली आणि यादीतल्या पीयूसीच्या रकान्यावर रेघ मारली. इलेक्ट्रिकला ती लागत नाही. महिन्याभरात एमएच-०९ ची हिरवी पाटी लागली.

बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. विकणारे ‘डिसेंबर २०३० पर्यंत’ एवढंच सांगतात. पण माझी गाडी वर्षाला पंचेचाळीस हजार पळणार. अडतीस हजार झालेले होते, उरले एक लाख बावीस हजार. म्हणजे पावणेतीन वर्षांत माझी वॉरंटी संपते, उरलेल्या वर्षांतली जवळजवळ निम्मी शिल्लक असताना. हे गणित मी किंमत ठरवायच्या आधी केलं होतं आणि त्यावरच पस्तीस हजार कमी करून घेतले. आता सॉकेटला वेगळा मीटर बसवलाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी १५ टक्क्यांवरून शंभरावर नेऊन युनिट लिहिते. या महिन्यात ३५.७ आले.