कालची रात्र उद्या विकता येत नाही

प्रवेशाचे दिवस आले की कोणी ना कोणी विचारतंच, "हॉटेल, टुरिझम, इव्हेंट हे सगळं एकच ना हो? मग मुलीनं नक्की कशाचा कोर्स करावा?" आजवर जाता जाता काहीतरी सांगून वेळ मारून नेली. या वेळी तुम्ही विचारलंत म्हणून जरा बसून सांगतो.

माझी सुरुवात हॉटेलातल्या नाइट ऑडिटपासून झाली. रात्री अकराला फ्रंट ऑफिसात, म्हणजे स्वागतकक्षात यायचं, दिवसभराची बिलं जुळवायची, कोण आलं कोण गेलं ते ताडून बघायचं. पहाटे दोन-अडीचला सगळं जमलं की सिस्टीममध्ये तारीख पुढे सरकवायची. त्या एका बटणासरशी न विकलेल्या खोल्या कायमच्या बुडीत जातात. दुकानदाराचा न खपलेला शर्ट उद्या खपेल, पण कालची रात्र उद्या विकता येत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. पडद्यावर बावीस खोल्यांपुढचे शून्य बघितले तेव्हाच समजलं.

विमानातली सीट, सहलीच्या बसमधली जागा, सभागृहातली खुर्ची हाही असाच नाशवंत माल. म्हणून हे धंदे सख्खे. रोज बदलणाऱ्या दरांचं मूळही इथेच आहे. अमेरिकेत 1978 मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायचा कायदा झाला, त्यानंतर मागणी बघून भाडं वरखाली करायचं तंत्र विमान कंपन्यांनी बसवलं आणि हॉटेलवाल्यांनी ते मागाहून उचललं.

ओव्हरबुकिंग त्याचंच भावंड. काही जण येणारच नाहीत असं धरून चार खोल्या जास्त विकायच्या. मग एखाद्या रात्री सगळेच हजर होतात. असंच एकदा रात्री एक वाजता काउंटरवर एक गृहस्थ आले. हातात कन्फर्मेशनचा कागद, मागे सुटकेसवर बसून पेंगणारी मुलगी. खोली नव्हती. दुसऱ्या हॉटेलात सोय केली, टॅक्सी आमची, भाडंही आमचंच. आमच्या भाषेत याला गेस्टला 'वॉक' करणं म्हणतात. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मग हा कागद कशाचा आहे?"

आता फरक. माणूस दारात आला की पुढचं सगळं हॉटेलवाल्याचं. तो दारापर्यंत कसा आणि का येईल, हे टुरिझमवाला बघतो. इव्हेंटवाला त्याला यायला तारीख देतो, आणि ही तारीख भल्याभल्यांना खेचून आणते. थॉमस कुक यांनी 5 जुलै 1841 रोजी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं खास रेल्वेनं नेली. आधुनिक सहल कंपन्यांचा इतिहास बहुधा इथूनच सांगतात. ती माणसं निघाली होती कुठे? दारूविरोधी सभेला! आज याच धंद्यात बारच्या गल्ल्याकडे डोळे लावून बसणारे किती मॅनेजर आहेत, ते सोडा. पुढे 1851 च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनालाही कुक यांनी सुमारे दीड लाख लोक नेले. टुरिझमची घडी अशी इव्हेंटच्या बोटाला धरून बसली.

म्हणूनच आकडेवारीच्या भाषेत पर्यटक म्हणजे फक्त फिरायला आलेला माणूस नव्हे. आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर, वर्षभरापेक्षा कमी काळासाठी गेलेला आणि तिथे निदान एक रात्र राहिलेला कोणीही पर्यटकच. तिथे पगारी नोकरीला गेलेला तेवढा नाही. परिषदेला आलेला, किल्ला न बघता परतणारा डॉक्टरही त्यात मोजतात.

तिघांची नाळ किती एक आहे, ते 2020 मध्ये दिसलं. आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या 2019 मध्ये जवळजवळ 146 कोटी होती, ती वर्षभरात सत्तर टक्क्यांहून जास्त घसरली. परिषदा रद्द, म्हणून विमानं रिकामी, म्हणून खोल्या रिकाम्या.

मुलीचं म्हणाल तर कोर्सच्या नावावर फार जाऊ नका. तिला आधी एखाद्या बँक्वेटमध्ये, म्हणजे हॉटेलच्या समारंभ-हॉलमध्ये, एक्स्ट्रा म्हणजे तात्पुरती मदतनीस म्हणून काम करू द्या. रात्री अकराला पार्टी संपते आणि सकाळी आठला त्याच हॉलमध्ये परिषद असते. मधल्या वेळात गोल टेबलं लोळवत स्टोअरमध्ये न्यायची, खुर्च्या दहा-दहाच्या थप्पीत लावायच्या, गालिच्यावरचे डाग काढायचे. मग दोरी ताणून खुर्च्यांच्या नव्या रांगा. पहाटे चारला कोणीतरी येऊन सांगतं की स्टेज उलट्या बाजूला हवंय. तेव्हा तिला हसू आलं तर इव्हेंट. "आधी कोणी बघितलं नाही का?" म्हणून ती यादी घेऊन बसली तर हॉटेलचं ऑपरेशन्स, म्हणजे रोजचा कारभार. आणि परिषदेला येणारे कुठून येतायत, उरलेल्या वेळात काय बघणार, असं विचारू लागली तर टुरिझम. बूट मात्र मऊ तळव्यांचे घ्या.