तुम्ही विचारलंत म्हणून: भूगोलाच्या बाईंकडे नसलेल्या जगाचा अ‍ॅटलास

माझे जुने विद्यार्थी घरी आले की चहा येईपर्यंत त्यांची नजर टीपॉयवर जाते, आणि मग ठरलेला प्रश्न येतो. "बाई, सीना भीमेला कुठे मिळते ते आमच्याकडून घोकून घेतलंत, आणि तुम्ही स्वतः असल्या गमतीच्या जगाचे नकाशे बघत बसता?" सोलापुरात इतकी वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

टीपॉयवर असतो तो इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्डचा सचित्र अ‍ॅटलास. 1983 पासून त्यांनी या विनोदी जगावर 41 कादंबऱ्या लिहिल्या. ते जग म्हणजे एक सपाट चकती. चार हत्तींच्या पाठीवर ती टेकलेली, हत्ती एका प्रचंड कासवावर उभे, आणि कासव अवकाशात पोहत निघालेलं. कूर्म आणि दिग्गज ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला हे परकं वाटूच शकत नाही. मधोमध दहा मैल उंचीचा पर्वत आणि त्याच्या माथ्यावर देवांची वस्ती. मला मेरू आठवला.

पण मी त्यात रमले ती दिशांमुळे. चकतीवर पूर्व-पश्चिम चालत नाही. तिथे मध्याकडे, काठाकडे, चकती फिरते त्या बाजूने आणि तिच्या उलट, अशा चार दिशा. नववीच्या मुलांना हे सांगितलं तर ती गोंधळतात, मग मी त्यांना गड्ड्याची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेची, आठवण करून देते. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज निघतात ते सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांच्या वाटेने. त्या मिरवणुकीत उत्तर दिशा कुठे आहे असं कोणी विचारत नाही. देऊळ कुठे आणि आपण त्याच्या कोणत्या अंगाला, एवढं पुरतं. मुलांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडतो, आणि दिशा या माणसांनी ठरवलेल्या असतात हे मला वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं. विनोदी जग म्हटलं की काहीही कुठेही टाकून चालेल असं लोकांना वाटतं. इथे तसं नाही. अ‍ॅटलासवर बोट ठेवून अँख नदी वरून खाली बघत या. रॅमटॉप डोंगरांत उगम, मग कोबी पिकवणारी स्टोची सपाट, काळीभोर मैदानं, आणि मग अँख-मॉरपॉर्क हे अवाढव्य शहर. तिथे पोचेपर्यंत नदी इतकी दाट झालेली असते की तिच्यावरून चालता येईल म्हणतात. वाचताना हसू येतं, पण तो सगळा गाळ मैदानातून आलाय. अशा काळ्याभोर जमिनीवर एकच पीक मातब्बर होऊन बसतं, हे मंगळवेढ्याची ज्वारी खाणाऱ्यांना कोणी सांगायला नको. चकतीच्या पलीकडच्या अंगाला एक लहानसा खंड आहे. चकती कलू नये म्हणून त्याचं वजन बाकी मोठ्या भूभागांच्या तोडीस तोड हवं, आणि म्हणून तो सोन्याने भरलेला. मग तिथे सोन्याला किंमत उरत नाही, आणि तिथला एक साधा विमा कारकून पर्यटनाला बाहेर पडला की दुसऱ्या देशाच्या बाजारात हाहाकार उडतो. पहिली कादंबरी यातूनच सुरू होते. भूगोलातून अर्थकारण आणि अर्थकारणातून गोष्ट. पाठ्यपुस्तकात हे आम्ही तीन वेगळ्या विषयांत तोडून शिकवतो, याची मला खरंच खंत वाटते.

हे नकाशे गोष्टींच्या नंतर आले, हेही मला फार आवडतं. विनोदाचा नकाशा काढता येत नाही, अशी प्रॅचेट यांची सुरुवातीची भूमिका होती. मग स्टीफन ब्रिग्ज यांनी कादंबऱ्यांतले उल्लेख एकमेकांशी जुळवत बसून अँख-मॉरपॉर्क शहर मांडलं आणि स्टीफन प्लेयर यांनी ते रंगवलं. तो नकाशा 1993 ला आला, सबंध चकतीचा 1995 ला, आणि हा अ‍ॅटलास 2015 ला, म्हणजे प्रॅचेट गेले त्याच वर्षी. जुने नकाशाकार प्रवाशांच्या हकिगती ऐकून किनारे आखायचे, तीच ही रीत. कुठल्या पेठेतून निघालेलं पात्र किती वेळात पुलावर पोचलं, यावरून अंतर काढायचं. असं वाचन करणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे.

तेव्हा मुलांना घेऊन जरूर या. इंग्रजी जड गेलं तरी चित्रं बघता येतात, आणि मी शेजारी बसून सांगेन. फक्त पान उघडलं की मी आधी विचारणार: डोंगर इथे आहे, वारा काठाकडून येतोय, तर पाऊस कुठल्या बाजूला पडेल? पर्जन्यछायेत राहणाऱ्या सोलापूरच्या पोराला हे आलंच पाहिजे.