तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घराचा नकाशा: लिब्रेकॅडचा माझा अनुभव

नकाशा मी लिब्रेकॅड या संगणकावर नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढला. ते फुकट आहे, त्यात फक्त द्विमितीय काम होतं आणि घराच्या प्लॅनला तेवढं पुरतं. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी प्रकारच्या फाइलमध्ये सेव्ह करता येत नाही, डीएक्सएफ प्रकारात येतं, आणि ती फाइल इंजिनिअरच्या ऑटोकॅडमध्ये उघडते.

संगणकाला हात लावण्याआधी टेप लावायची. ३० बाय ४० फुटांचा प्लॉट खरोखर काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट भरतात. भरले नाहीत तर चारही बाजू आणि एक कर्ण मोजायचा. स्क्रीनवर कर्ण आखून त्याच्या दोन टोकांवरून बाजूंच्या लांबीच्या त्रिज्यांची वर्तुळं काढायची; ती छेदतात तिथे प्लॉटचा कोपरा. सरकारी जमीन मोजणीच्या नकाशाशी, म्हणजे ‘क’ प्रतीशी, हे ताडून पाहावं. सामासिक अंतरं, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, आपल्या ग्रामपंचायत किंवा पालिका हद्दीच्या नियमानुसार आधीच आखून घ्यावीत.

एकक मिलिमीटरच ठेवावं. १ फूट म्हणजे ३०४.८, म्हणून प्लॉट ९१४४ बाय १२१९२. कुठून तरी आणलेला दरवाजाचा ब्लॉक (तयार चित्र) इंचात काढलेला असेल, तर तीन फुटी दार ३६ मिलिमीटरचं होऊन कोपऱ्यात ठिपक्यासारखं पडतं. तो २५.४ पट मोठा केला की झालं. एंडपॉइंट स्नॅप, म्हणजे रेषेच्या टोकाला कर्सर आपोआप चिकटवणारी सोय, कायम चालू हवी. भिंतीच्या रेषा केसभर जरी सुटल्या तरी आकृती बंद होत नाही आणि हॅच (भिंतीच्या आतली तिरप्या रेषांची भरण) भरत नाही.

आता भिंती. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. विटांचं बाहेरचं माप ७००० आहे, शेजारी शेजारी दोन खोल्या, म्हणजे प्रत्येकी साडेतीन मीटर? नाही. बाहेरच्या भिंती २३० च्या दोन, मधली ११५ ची, आतल्या चार बाजूंना १२ मिलिमीटर प्लॅस्टर. उरले ६३७७. खोली ३१८८ ची झाली, म्हणजे साधारण साडेदहा फूट. फूटभर भिंतींनी खाल्ला. त्यात १९८० लांबीचा पलंग आणि समोर ६०० खोलीचं कपाट ठेवलं की मध्ये ६०८ उरतात. कपाटाचं दार ४५० चं असेल तर ते उघडल्यावर माणूस उभा कुठे राहणार? म्हणून फर्निचर वेगळ्या लेयरवर (हवा तेव्हा लपवता येणाऱ्या थरावर), पण पहिल्या दिवसापासून. कॉलमही तेव्हाच टाकावेत: २३० रुंदीचा कॉलम बाहेरच्या भिंतीत लपतो, ११५ च्या भिंतीत मात्र तेवढाच बाहेर डोकावतो. कॉलमची जागा आणि माप शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवणार.

जिना सगळ्यांत आधी बसवावा. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी जिन्याला पायरीची उंची जास्तीत जास्त १९०, रुंदी कमीत कमी २५० आहे. घरात दुखरे गुडघे असतील तर एवढ्यावर थांबू नये. रुंदी मी २७० धरली. मजल्याची उंची ३००० असल्याने १८ चढ, प्रत्येकी १६७. दोन टप्प्यांत नऊ-नऊ चढ, पण पायऱ्या आठच, कारण नववा चढ थेट लँडिंगवर, म्हणजे वळणावरच्या सपाट जागेवर नेतो. आठ गुणिले २७० म्हणजे २१६०, त्यात ९०० चं लँडिंग: लांबी ३०६०. जिन्याची रुंदी ९०० अधिक ९०० अधिक मधली फट १००.

लँडिंगखाली संडास काढायचा मोह प्लॅनमध्ये फार होतो. लँडिंग १५०० वर, त्याचा स्लॅब १५० चा, खाली उंची उरते १३५०. प्लॅनमध्ये हे दिसतच नाही. म्हणून जिन्यातून एक छेद, म्हणजे उभं कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढावाच.

छपाई ए३ वर, १:५० प्रमाणात. प्रिंटरचा ‘पानावर बसवा’ पर्याय बंद करून मग पट्टीने तपासावं: ३१८८ ची खोली कागदावर ६४ मिलिमीटरला किंचित कमी भरायला हवी.