तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच ढगातून दगडी पृथ्वी आणि वायूचा गुरू कसे?

ग्रहांविषयी बोलणे निघाले की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: सूर्य आणि सगळे ग्रह वायू व धुळीच्या एकाच ढगातून जन्मले असतील, तर पृथ्वी लोखंड-दगडाची आणि गुरू हायड्रोजन-हेलियमचा असा भेद का पडला? जड मूलद्रव्ये सूर्याजवळ राहिली आणि हलकी दूर गेली, हे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आधीच असते. ते मला अपुरे वाटते, कारण ऑक्सिजन त्यात बसत नाही. पृथ्वीच्या वस्तुमानात सुमारे ३२ टक्के लोह, ३० टक्के ऑक्सिजन, १५ टक्के सिलिकॉन आणि १४ टक्के मॅग्नेशियम आहे. म्हणजे ज्याला आपण वायू म्हणूनच ओळखतो, त्या मूलद्रव्याने या दगडी ग्रहाचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापला आहे, आणि त्यातला हवेत असलेला भाग अगदीच नगण्य आहे. (लोहाचा मोठा साठा खोल गाभ्यात आहे. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये पृथ्वीची घनता पाण्याच्या जवळजवळ साडेपाच पट असल्याचे मोजले. पृष्ठभागावरचे खडक त्याच्या निम्म्यानेच जड असतात.)

मूलद्रव्य कोणत्या संयुगात अडकले आहे आणि ते संयुग किती तापमानाला घनरूप होते, यावर सारे ठरते. मूळ ढगाचे सुमारे ९८ टक्के वस्तुमान हायड्रोजन आणि हेलियमचे होते. सूर्यातले हायड्रोजनचे वर्चस्व सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवले, तेव्हा ते पटणे अवघड गेले, कारण सूर्याची घडण पृथ्वीसारखीच असावी असे तोवर मानले जात होते. हे दोन्ही वायू त्या ढगात कुठेच गोठले नाहीत. याउलट लोह आणि सिलिकेट खनिजे हजार अंश सेल्सिअसच्या आसपासही घन राहू शकत होती, त्यामुळे सिलिकॉन व मॅग्नेशियमशी बांधला गेलेला ऑक्सिजन सूर्याजवळही टिकला. ज्या ऑक्सिजनची गाठ हायड्रोजनशी पडली त्याचे पाणी झाले, आणि इतक्या विरळ ढगात त्याचा बर्फ होण्यासाठी तापमान उणे १०० अंशांच्याही खाली जावे लागे.

जिच्यापलीकडे एवढी थंडी होती ती सीमा, म्हणजे हिमरेषा, मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान कुठेतरी होती. तिच्या पलीकडे दगडाबरोबर बर्फही हाताशी असल्यामुळे ग्रहांचे गाभे झपाट्याने वाढले, आणि पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाच्या आसपास पोहोचलेला गाभा भोवतालचा वायू ओढून घेऊ लागला. ढग काही दशलक्ष वर्षांत विरून जाण्याआधी गुरूने पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमान गाठले. युरेनस आणि नेपच्यून यांना मात्र वायूचा थोडाच वाटा मिळाला. त्यांच्या अंतरंगात पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचे प्राबल्य असावे, असे मानले जाते. वातावरणातला मिथेन तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून ते निळसर दिसतात.

या मांडणीला सर्वांत जास्त छळतो तो बुध. त्याच्या लोहगाभ्याची त्रिज्या ग्रहाच्या त्रिज्येच्या सुमारे ८५ टक्के आहे, आणि एवढे लोह केवळ सूर्याच्या सान्निध्याने समजावून सांगता येत नाही. तीव्र उष्णतेने त्याचे दगडी आवरण वाफ होऊन उडून गेले असावे, अशी एक कल्पना होती. परंतु २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाला तिथे गंधक भरपूर आढळले आणि पोटॅशियमही अपेक्षेहून जास्त मिळाले. अशा उष्णतेत सहज उडून जाणारी ही मूलद्रव्ये अजून तिथेच असल्यामुळे ती कल्पना लंगडी पडली आहे.